जिम काढतोयस? आधी ट्रेनरचा पगार बाजूला ठेव

मित्रा, धायरीत जिम काढतोयस हे ऐकून मनापासून आनंद झाला. सतरा वर्षं फौजेत काढली, आता नऊ वर्षं जिम चालवतोय. त्यातून सांगतो, मशीन नंतर घे, माणसं आधी सांभाळ.

डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत तेव्हाचे भारतातले सरसेनापती चेटवुड यांच्या १९३२ सालच्या भाषणातले शब्द कोरलेत. आधी देश, मग तुझे जवान, तुझी सोय सगळ्यात शेवटी. पहिल्या वर्षी मी हेच विसरलो. नव्या ट्रेडमिलचा हप्ता भरला आणि ट्रेनरचा पगार वीस तारखेपर्यंत लांबवला. पोरगा चकार शब्द बोलला नाही. पुढच्या महिन्यात सोडून गेला आणि सकाळच्या बॅचचे अकरा मेंबरही त्याच्यामागे गेले. चूक माझीच होती.

साडेपाचची बॅच म्हणजे सव्वापाचला शटर वर. बार्बेलच्या खाचांत घाम साचून काळा थर बसतो, तो मी स्वतः ब्रशनं काढतो. पोरं बघतात, मग कुणाला सांगावं लागत नाही.

ओरडणं मात्र बॅरेकमध्येच राहू दे. गुडघेदुखी घेऊन येणाऱ्या काकू रिक्रूट नाहीत.

जानेवारीत वर्षाची फी एकदम हातात येते. ती कमाई समजू नकोस, बारा भाग कर आणि महिन्याला एकच खर्च कर.

आणि जागेच्या करारावर सही करण्याआधी रेकी, म्हणजे स्वतः जाऊन पाहणी, हवीच. सकाळी सहा ते आठ त्या रस्त्यावर उभा राहा, पार्किंग बघ. रविवारी सिंहगड उतरलो की दोघं मिळून जाऊ.