लोअर आर्मचे बुश: रबर, पीयू की अख्खा आर्म?

दादा, तुमचं म्हणणं असं की २००९ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, स्पीड ब्रेकरवर पुढून ठक्क आवाज येतो, ब्रेक दाबला की गाडी जराशी डावीकडं जाते, आणि स्पेअर पार्टवाला म्हणतोय लोअर आर्मला, म्हणजे चाकाला फ्रेमशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याला, पीयूचे (पॉलियुरेथेन, कडक प्लॅस्टिकसारखं) बुश टाका, परत बघायला नको. बुश म्हणजे आर्म आणि फ्रेमच्या सांध्यातली लवचिक गादी. माझं मत आधीच सांगून टाकतो, रोजची घरची गाडी असेल तर कंपनीचं रबरच टाका, आणि बुश कुठला याच्यापेक्षा तो बसवतंय कोण आणि कसा तिकडं जास्त लक्ष द्या.

पण आधी बुशच गेलेत का ते तरी बघा. ठक्क आवाज लिंक रॉडचा (स्टॅबिलायझर बारला जोडणारी छोटी दांडी) पण असतो, शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचा पण असतो, आणि लिंक रॉड त्यातल्या त्यात किरकोळ काम आहे. गाडी वर घ्यायला लावा, आर्म आणि फ्रेमच्या मधे टॉमी (लोखंडी पहार) घालून दाबायला सांगा, आणि तुम्ही स्वतः खाली वाकून बघा. रबरावर वरवर बारीक भेगा दिसल्या तर त्याचं काही नाही, एवढ्या जुन्या गाडीला त्या असणारच. रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलं असेल किंवा दाबल्यावर फट उघडत असेल तर बुश गेला. त्यातही मागचा मोठा बुश नीट बघा, ब्रेक मारल्यावर चाक मागं रेटलं जातं तो भार बराचसा तोच घेतो, तुमची गाडी ब्रेकला ओढतेय म्हणून माझा संशय त्याच्यावरच आहे. अर्थात ब्रेकचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) जाम असला तरी गाडी ओढते, ते पण त्याच वेळी बघून घ्या.

आता पीयूचं. रबरी बुशमधे रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला पक्कं चिकटवलेलं असतं, आर्म वर खाली झाला की काही घासत नाही, रबर स्वतः पिळलं जातं आणि परत येतं. पीयूमधे तसं नाही, तिथं आतली नळी फिरते, म्हणून त्याला सिलिकॉनचं ग्रीस लागतं आणि ते संपलं की कुरकुर सुरू. पावसाळ्यात कासकडं चिखलातून जाऊन आलात की आणखीच. शिवाय पीयू कडक, साधारण ८० ते ९५ शोअर ए (कडकपणा मोजायचं माप), रबर ५० ते ७० च्या आसपास, त्यामुळं रस्त्याची सगळी खरखर थेट स्टेअरिंगला आणि बॉडीला येते. यवतेश्वरच्या वळणांवर गाडी घट्ट वाटेल हे खरं, पण घरच्यांना घेऊन पुण्याला गेलात की घरचेच बोलतील. एवढी हौसच असेल तर स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी झुकू न देणारा आडवा दांडा) बुशला पीयू टाका, तिथं त्रास कमी.

नुसते बुश की अख्खा आर्म? आर्मच्या चाकाकडच्या बॉल जॉइंटला प्ले (ढिलेपणा) असेल, रबर बूट फाटला असेल, किंवा खड्ड्यात आदळून आर्म वाकला असेल तर सरळ अख्खा आर्म घ्या, दोनदा मजुरी कशाला. तसं नसेल तर नुसते बुश चालतात, पण दोन्ही बाजूंचे एकदम. डुप्लिकेट माल भरपूर आहे, आतली नळी मधोमध नसली, कडेला रबराचे पापुद्रे असले तर परत द्या. पॅकिंगची तारीख पण बघा, रबर डब्यात पडून सुद्धा म्हातारं होतं.

बसवताना मात्र उभं राहा. जुना बुश गॅसनं जाळून काढणारे आणि नवा हातोड्यानं ठोकणारे लय आहेत, तसल्यांकडं आर्म देऊच नका. हायड्रॉलिक प्रेसवर काम करून घ्या, घसरायला साबणाचं पाणी लावा, ऑइल ग्रीस नको, रबर फुगतं. बुशमधे पोकळ खाचा असतील तर जुन्याची दिशा मार्करनं आर्मवर खूण करून मगच काढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या बुशमधनं बोल्ट आडवा जातो तो बोल्ट चाक लोंबकळत असताना फायनल टाइट करायचा नाही. तसा केला तर गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश थोड्याच दिवसात फाटतो, मग लोक म्हणतात माल खराब होता. आधी बोल्ट हलके लावायचे, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्यायचं, मग पान्यानं फायनल. मेस्त्री वैतागेल, वैतागू दे.

नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करायचंच, नाहीतर टायर एका कडेनं झिजेल. आणि आर्मचे बोल्ट आधीच नवे आणून ठेवा, जुने बऱ्याचदा गंजून नळीत जाम होतात आणि कापून काढावे लागतात, मग गाडी जॅकवर आणि तुम्ही बोल्टसाठी साताऱ्यात राजवाडा ते पोवई नाका दुकानं फिरताय.