पीएच.डी.चा विषय शोधताना

विषय सुचत नाही म्हणून एवढी हवालदिल होऊ नकोस. आणखी पेपर चाळण्याआधी कापड रंगवणाऱ्या एखाद्या रंगाऱ्याकडे जाऊन बस. जड, म्हणजे क्षारांच्या पाण्यात रंग नीट का बसत नाही, दुसऱ्या धुण्यात का उतरतो, हे त्याच्या हातांना ठाऊक असतं. कारण शोधायचं काम तुझं.

आपल्या बडोद्याला हे नवं नाही. त्रिभुवनदास गज्जर रसायनशास्त्राचे प्राध्यापक. सयाजीरावांच्या पाठबळावर १८९० साली त्यांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उभी केली, तिथे रंगकामाचं शास्त्र शिकवलं जायचं. १९०७ साली अलेंबिक ही रसायनं-औषधांची कंपनी सुरू करणाऱ्यांतही ते होते! कल्पकता मला तरी अशाच धाडसात दिसते.

गाइड म्हणतील, ‘पसारा वाढतोय.’ पसारा आवर, प्रश्न सोडू नकोस. आणि प्रबंधासोबत गुजरातीत दोन पानी टिपण लिही, मापं ग्रॅम-लिटरमध्ये दे, म्हणजे कारखान्यात कुणीही करून बघेल.