मुंबईत घर शोधताना: आधी लाइन, मग स्टेशन, मग घर

मे-जून आला की मला येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत असतो: ताई, मुंबईत कुठे राहू? मी स्वतः साताऱ्याहून आले तेव्हा दोन वर्षांत चार घरं बदलली. पुढे बाहेरगावाहून येणाऱ्यांना घर शोधायला मदत करणं हेच काम झालं. या वेळी पाच पत्रांना सविस्तर उत्तरं देते आहे.

मी कोल्हापूरचा. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, पहिली नोकरी लागली आहे. भाड्याला महिना पंधरा हजारांच्या वर जमणार नाही. मित्र म्हणतात, विरारला किंवा कल्याणच्या पुढे तेवढ्यात अख्खा फ्लॅट मिळेल. ऑफिसजवळ मात्र एका खोलीत तिघांनी राहावं लागेल. काय करू?

पहिलं वर्ष तिघांत राहा.

विरार चर्चगेटपासून साठ किलोमीटर, कल्याण सीएसएमटीपासून चोपन्न. पण हे आकडे फसवे आहेत, कारण नवा माणूस फक्त गाडीतली मिनिटं मोजतो. तुम्ही घराच्या कुलपापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत मोजा. घर ते स्टेशन, पुलाचे जिने, पहिल्या गाडीत शिरता न आल्याने सोडलेली गाडी, मग प्रवास, मग वांद्र्याला किंवा कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाची रांग. पावसात ती रांग कुठवर जाते ते बघून या. एका बाजूचे दोन तास सहज होतात. अशी मुलं मी पाहिली आहेत. सहा महिन्यांनी ती रविवारी फक्त झोपतात, आणि ज्या प्रशस्त फ्लॅटसाठी एवढं केलं त्यात जागेपणी फारशी नसतातच.

दुसरं, हा फक्त दमण्याचा प्रश्न नाही. ९ जून २०२५ला सकाळच्या गर्दीत मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकणारे प्रवासी रुळांवर पडले आणि माणसं गेली. सकाळी नऊच्या ठोक्याला पोचायचं असेल, तर दिवा-मुंब्रा पट्ट्यात मधल्या स्टेशनवरून चढायची वेळ स्वतःवर आणू नका. लांब राहणं भागच असेल, तर जिथून गाडी सुटते ते स्टेशन धरा. ठाणे, बोरिवली, विरार, डोंबिवली, कल्याण इथून सुटणाऱ्या गाड्या आहेत, निदान उभं राहायला धड जागा मिळते.

तुमच्यासाठी मी कलिना, वाकोला, कुर्ला पश्चिम आणि चुनाभट्टी ही नावं लिहून ठेवीन. चुनाभट्टीकडे लोकांचं लक्ष जात नाही. हार्बर लाइनवरचं छोटं स्टेशन, जुनी गिरणी कामगारांची वस्ती, आणि तिथून बीकेसीत उतरणारा उड्डाणपूल. मेट्रो ३ आल्यापासून मरोळचाही विचार करता येतो. मरोळ नाक्याहून बीकेसीला थेट गाडी आहे, रिक्षाची रांग वाचते. मेट्रोचा प्रवास लोकलच्या पासपेक्षा महाग पडतो, तो भाड्यात धरूनच हिशोब करा.

कोल्हापूरचे आहात म्हणून आणखी एक. इथे काही इमारतींत मांसाहार करणाऱ्यांना जागा देत नाहीत. दलाल फोनवरच विचारून घेतो. मराठी माणसाला मुंबईत मासे खातो म्हणून घर नाकारलं जातं, याचा मला मनापासून संताप येतो आणि तो मी लपवत नाही. तरीही खोटं सांगून अशा घरात जाऊ नका. रोज खिडक्या लावून जेवायचं, हे काही घर नव्हे.

आम्ही नाशिकचे, दोघं नोकरी करणारे. यांचं ऑफिस ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, माझं अंधेरीत सीप्झला. मुलगी तीन वर्षांची. ठाण्यात राहावं की अंधेरीत?

दोन्हीकडे नको, घाटकोपर बघा.

मेट्रो १ घाटकोपरहून सुटते, म्हणजे सुरुवातीलाच तुम्हाला बसायला मिळण्याची शक्यता जास्त. चौथं स्टेशन मरोळ नाका. तिथे मेट्रो ३ धरली की एमआयडीसीनंतर सीप्झ. तुमच्या यजमानांना सकाळी ठाण्याकडे जायचं आहे आणि सकाळची गर्दी ठाण्याकडून मुंबईकडे येते. म्हणजे ते रोज गर्दीच्या उलटे जातील आणि उलटेच परततील. मुंबईत याहून मोठी चैन नाही! घर निवडताना हा एक मुद्दा मी नेहमी तपासते: आपल्याला लोंढ्याबरोबर जायचं आहे की लोंढ्याच्या विरुद्ध? वागळे इस्टेटला जायला त्यांनी मुलुंडला उतरून बघावं आणि ठाण्यालाही, दोन्हीकडून एकेक दिवस जाऊन ठरवावं.

पण खरा प्रश्न मुलीचा आहे. पाळणाघरातून फोन आला की कोण धावणार, हे आज रात्री दोघांनी बसून ठरवा. जो धावणार त्याच्या ऑफिसपासून पाळणाघर पाऊण तासाच्या आत हवं. आधी पाळणाघर शोधा आणि घर त्याच्या चालत अंतरावर घ्या. बहुतेक जण उलटं करतात. घर मनासारखं मिळतं, आणि मग मुलीला रिक्षाने दुसऱ्या टोकाला सोडून तिथून स्टेशन गाठायचं, हे रोजचं होऊन बसतं. पंतनगरच्या म्हाडा वसाहतीच्या बाजूला विचारा. तिथे घरगुती पाळणाघरं चालवणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. घाटकोपर स्टेशनात मेट्रोमुळे संध्याकाळी भयंकर गर्दी होते, तेवढी मनाची तयारी ठेवा.

मुलाला मराठी माध्यमातच घालायचं आहे. कोणता भाग बघू?

तुमचा निर्णय वाचून फार बरं वाटलं. दादरला बालमोहन विद्यामंदिर, विलेपार्ले पूर्वेला १९२१ पासूनचं पार्ले टिळक विद्यालय, शीवला (सायनला) डी. एस. हायस्कूल ही नावं तुम्ही ऐकली असतील. दादर आणि पार्ल्याचं भाडं मात्र झेपेलच असं नाही. आधी शाळेत जाऊन प्रवेशाचं पक्कं करा, मग घर. आणि मूल लोकलने शाळेत जाईल असं घर घेऊ नका. एक खोली कमी चालेल, पण शाळा चालत जाता येईल अशी हवी.

घर बघायला एप्रिलमध्ये आलो होतो. शीवजवळ तळमजल्यावरची जागा बऱ्याच कमी भाड्यात मिळते आहे. दलाल म्हणतो, पाणी भरत नाही. विश्वास ठेवावा का?

एप्रिलमध्ये मुंबईतलं प्रत्येक घर कोरडं असतं. दलालाला विचारू नका, भिंतीला विचारा.

जिन्याखाली विजेचे मीटर किती उंचीवर आहेत ते बघा. छातीच्या वर मुद्दाम सरकवलेले दिसले, तर कधीतरी पाणी तिथवर आलेलं आहे. दारांना फूटभर उंच उंबरे बांधलेले असतील, भिंतीला कमरेएवढ्या उंचीपर्यंत नवी टाइल आणि वर जुना रंग असेल, शेजारच्या दुकानात धान्याची पोती खालच्या फळीवर न ठेवता वर ठेवलेली असतील, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. वाण्याला आणि इस्त्रीवाल्याला विचारा. त्यांना दलाली मिळत नाही, ते खरं सांगतात. प्रश्नही नेमका हवा. 'पाणी भरतं का?' असं विचारलं की लोक 'थोडंसं' म्हणतात. 'मागच्या पावसात दुकान किती दिवस बंद ठेवलंत?' असं विचारा.

शीवजवळचं गांधी मार्केट, परळ-दादरमधलं हिंदमाता, सांताक्रूझचा मिलन सबवे, अंधेरी सबवे, मिठी नदीकाठचा कुर्ला ही नावं दर पावसाळ्यात बातम्यांत येतात. हिंदमाताला भूमिगत टाक्या बांधल्यापासून पाणी लवकर ओसरतं, पण सखल भाग तो सखलच. मुसळधार पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एका वेळी आली की नाल्यांतलं पाणी समुद्रात जात नाही, उलट तुंबतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा कलिन्यातही घराघरांत पाणी शिरलं होतं. वर कोल्हापूरच्या मुलाला मी कलिना सुचवलं आहे, त्यानेही पहिला मजला किंवा त्याच्या वरचंच घर घ्यावं.

तुम्हाला माझा सल्ला: तळमजला सोडा, त्याच गल्लीत वर मिळत असेल तर बघा. नाहीतर जुलैपर्यंत नातेवाइकांकडे थांबा आणि पहिल्या मोठ्या पावसात ती गल्ली स्वतः चालून या.

जाताना एक नाही, तीन वेळा जा. एकदा सकाळी साडेआठला, म्हणजे स्टेशनची गर्दी कळेल. एकदा पाणी यायच्या वेळी. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं, पण तुमच्या नळाला ते दिवसाचे किती तास आणि कोणत्या जोरात येतं, हे इमारतीगणिक बदलतं. पहाटे पाचला पाणी येऊन सातला जात असेल, तर रात्रपाळी करणाऱ्याने ते घर कशाला घ्यावं? आणि एकदा रात्री उशिरा. कांजूरमार्गच्या कचराभूमीचा वास विक्रोळीच्या कन्नमवार नगर, टागोर नगरकडे येतो अशी तिथल्या लोकांची जुनी तक्रार आहे. दुपारी घर बघून गेलेल्याला त्याचा पत्ता लागत नाही. एका ओळखीच्या कुटुंबाने असंच भर दुपारी घर पसंत केलं होतं. पहिल्याच रात्री खिडक्या लावून बसायची वेळ आली. अकरा महिने त्यांनी तसेच काढले, कारण डिपॉझिट अडकलं होतं.

मालक म्हणतात, करार नोंदवायची काही गरज नाही, आपण घरच्यासारखे. तसं राहावं का?

नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक काळ वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर त्याला शिक्षा होऊ शकते, आणि वाद झालाच तर कराराच्या अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. नोंदणी आता ऑनलाइन होते, अंगठा घ्यायला माणूस घरी येतो. पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवणंही मालकाचंच काम आहे.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे गॅस, शाळा, बँक, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून हाच कागद लागतो. डिपॉझिट रोख देऊ नका, खात्यातून द्या आणि करारात आकडा लिहून घ्या. घर सोडताना रंगाचे पैसे कापणार का, तेही लिहून घ्या. सर्वाधिक भांडणं या रंगावरून होतात. घरच्यासारखे असतील तर सही करायला त्यांना अडचण नसावी.

ही पत्रं झाली. एक पत्र उशिरा आलं, पण त्याला थांबवणं मला जमलं नाही.

वडिलांचे परळच्या टाटा रुग्णालयात उपचार सुरू व्हायचे आहेत, सहा महिने लागतील म्हणतात. आम्ही जालन्याचे, मुंबईत कुणी नाही. स्वस्त म्हणून पनवेलला खोली घेऊ का?

आधी डॉक्टरांना हे विचारा: उपचार परळलाच होणार, की काही भाग खारघरच्या केंद्रात? टाटाचं दुसरं आवार खारघरला आहे. सगळं तिकडे हलणार असेल तर पनवेल-खारघर योग्यच. परळला असेल तर पनवेल नको. केमो घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला हार्बरच्या गाडीत तास-सव्वा तास बसवणं फार कठीण जातं. लोकलमध्ये दिव्यांग आणि कर्करुग्णांसाठी वेगळा डबा असतो, तो लक्षात ठेवा. पण त्याच्या भरवशावर घर निवडू नका.

नोकरदाराला मी लाइन बघायला सांगते, तुम्हाला मात्र टॅक्सीचं अंतर बघायला सांगेन. परळ, शिवडी, वडाळा, नायगाव. इथे रिक्षा चालत नाहीत. रिक्षा माहीम आणि शीवच्या दक्षिणेला येत नाही, त्यामुळे टॅक्सीचा खर्च धरा. खोली लहान असली तरी चालेल. लिफ्ट हवी किंवा पहिला मजला, संडास घरात हवा, आणि स्वयंपाकाची सोय हवी. बाहेरचं खाणं त्यांना चालणार नाही.

पण खोली घ्यायच्या आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. धर्मशाळांची माहिती आणि चिठ्ठी तिथे मिळते. दादर पूर्वेला संत गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे, तिथे बाहेरगावच्या कर्करुग्णांची आणि त्यांच्या माणसांची राहण्याची सोय होते. जागा लगेच मिळेल असं नाही, म्हणून पहिल्याच तपासणीच्या दिवशी नाव घालून या. केसपेपर आणि आधार कार्डाच्या चार-चार प्रती जवळ ठेवा.