वरणाची वाटी, एकादशीचा फराळ आणि मोजून प्यायचं पाणी

किडनीच्या आजाराबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. पत्रं बहुतेक पेशंटच्या घरच्यांची आहेत, आणि जवळपास प्रत्येकात एकच विचारणा आहे : काय काय बंद करू?

प्रश्न : माझ्या यजमानांचं वय ५८. बरीच वर्षं शुगर आहे. चार महिन्यांपूर्वी क्रिएटिनिन २.१ निघालं. तेव्हापासून मी डाळ, दूध, फळं सगळं बंद केलंय. वजन ६ किलोनं उतरलंय, जिना चढला की धाप लागते. आणखी काय टाळू?

ताई, आणखी काही टाळू नका. उलट बंद केलेल्यातलं बरंचसं परत सुरू करायचंय.

क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा. ५८ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन २.१ असेल तर ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा आकडा, साधारण ३६ येतो. म्हणजे आजार तिसऱ्या टप्प्यात आहे. हा आकडा १५च्या खाली गेल्यावर डायलिसिसचा विचार सुरू होतो, तोही लक्षणं पाहून. अशा उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात. त्यात एक फसगत असते. क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होतं, त्यामुळे स्नायू झिजले की रिपोर्टमधला आकडा थोडा उतरतो आणि घरच्यांना वाटतं, पथ्य लागू पडलं. प्रत्यक्षात माणूस खंगत चाललेला असतो.

या टप्प्यावर दर किलो वजनामागे रोज ०.८ ग्रॅम प्रथिनं चालतात. ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणातून त्यातली जेमतेम ६-७ ग्रॅम मिळतात. तेव्हा वरण वाढा, थोडं दहीही द्या. फळं सरसकट बंद करायची नसतात. रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं असेल तरच त्यांत निवड करावी लागते, आणि तेव्हाही सफरचंद, अननस, पपईची फोड बहुतेकांना चालते. आवरायचं ते मीठ : दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. पापड, लोणचं, फरसाण यांतलं मीठही त्यातच धरा.

धाप मात्र अंगावर काढू नका. हिमोग्लोबिन आणि पायांवरची सूज या आठवड्यातच दाखवा. लघवीतल्या अल्ब्युमिनची (एका प्रथिनाची) तपासणी झाली नसेल तर करून घ्या. बीपी १३०/८०च्या आत ठेवणं आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी, शुगरवरची पण किडनीही जपणारी गोळी त्यांना चालेल का, हे डॉक्टरांना विचारणं, यानं डाळ तोडण्यापेक्षा कितीतरी जास्त फायदा होईल.

प्रश्न : आईचं पोटॅशियम ५.८ आहे. आषाढीचा उपास ती सोडणार नाही म्हणते. काय करावं?

५.८ म्हटल्यावर आधी डॉक्टरांना फोन करा. औषधं बदलावी लागतील का आणि उपास झेपेल का, हे तेच सांगतील. त्यांनी होकार दिला तर आईंची श्रद्धा न मोडताही ताट बदलता येतं. खिचडीतला साबुदाणा हा जवळजवळ नुसता स्टार्च असतो. पोटॅशियम येतं ते दाण्याच्या कुटातून आणि बटाट्यातून. रताळी, खजूर, केळी, शहाळं हेही त्यातलेच. शहाळ्याबद्दल मुद्दाम सांगते, कारण आजारी माणसाला भेटायला जाताना आपण तेच घेऊन जातो.

वरईचा भात करा, सोबत काकडी द्या. दाण्याच्या आमटीऐवजी जिऱ्याची फोडणी दिलेलं पातळसं ताक द्या, तेही एक वाटीच. बटाटा हवाच असेल तर सोलून पातळ काप करा, भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी टाकून द्या. यानं पोटॅशियम कमी होतं, संपत नाही, म्हणून दोन-चार कापच. शेंदेलोणही सोडियमच आहे, ते जपून वापरा. ‘लो सोडियम’ मीठ मात्र घरातच आणू नका, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. कोकणात असाल तर करमळही (स्टारफ्रूट) नको. किडनीच्या पेशंटला त्या फळातलं विष मेंदूपर्यंत बाधतं. न थांबणाऱ्या उचक्या लागतात, भ्रम होतो.

प्रश्न : गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून घेतो. क्रिएटिनिन १.६ आहे. चालेल का?

नाही. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या किडनीला अपाय करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या आजच थांबवा. दुखणं असह्य असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या. घटक न छापलेली पुडी किंवा भस्म कुणीही दिलं तरी घेऊ नका.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तहान सहन होत नाही आणि आता कुणाशी बोलावंसंही वाटत नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तहानेचं आधी सांगते. दिवसभरात होणारी लघवी अधिक ५०० मिली, हा पाण्याचा ढोबळ हिशोब. चहा, आमटी, ताक त्यातच. माझे एक आजोबा पेशंट घरातल्या फुलपात्रानं मोजून पितात. एका फुलपात्रात १५० मिली, आणि दिवसाची फुलपात्रं सकाळीच ठरलेली. जेवणातलं मीठ उतरलं की तहानही उतरते. बर्फाचा छोटा खडा चघळला तर घोटभर पाण्यापेक्षा जास्त वेळ पुरतो.

बोलावंसं न वाटणं हा तुमचा कमकुवतपणा नाही. डायलिसिसवरच्या पुष्कळ जणांना नैराश्य येतं आणि त्यावर उपचार होतात. पुढच्या डायलिसिसला डॉक्टरांना हे याच शब्दांत सांगा. जगणं नकोसं वाटत असेल तर तेवढंही थांबू नका, आजच घरच्या कुणाला तरी सांगा. नोकरी करत असाल तर डायलिसिससाठी संध्याकाळची पाळी मागून बघा. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव आहे का, तेही विचारा. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्यांकडे नोंदणी होते, आणि ती प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फतच करावी लागते. तोवर फिस्च्युलाचा, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेला हात जपा. त्या हाताला बीपीचा पट्टा नको, सुई नको. रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून थरथर लागते का बघा. लागली नाही तर त्याच दिवशी सेंटर गाठा.