उत्तर: कॉलनीत पहिल्यांदा बुद्ध पौर्णिमा, परवानगी आणि कार्यक्रम

जय भीम, नमो बुद्धाय. कॉलनीत पहिल्यांदाच बुद्ध पौर्णिमा करताय, मैदानाची परवानगी अडकलीय आणि कार्यक्रमात काय ठेवायचं यावरून कमिटीत वाद, असं तुम्ही लिहिलंय. आमचीच गोष्ट वाचतोय असं वाटलं. त्रिशरण-पंचशील, वंदना तुम्हाला येतच असणार, ते सोडतो.

आधी परवानगी. आम्हाला एका ऑफिसने (नाव नको, परत तिथेच जायचंय) असं लटकवलं की विचारू नका. टेबलावरचे साहेब अर्ज उलटापालटा करून म्हणतात, "जयंती झाली ना तुमची एप्रिलमध्ये?" आता १४ एप्रिल वेगळा आणि वैशाख पौर्णिमा वेगळी हे त्यांना उभ्याउभ्या सांगायचं! मग म्हणे पोलिसांची एनओसी आणा, पोलीस म्हणतात आधी जागेचा कागद दाखवा. कागद मिळाला तो पौर्णिमेच्या संध्याकाळी, तोवर मांडव नाही, लाइट नाही, आणि खिरीचं दूध मे महिन्याच्या उकाड्यात फाटलं, पातेलंच्या पातेलं ओतून दिलं. म्हणून सांगतो, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, विषयातच "बुद्ध पौर्णिमा, शासकीय सुट्टी" लिहा. स्पीकर रात्री दहाला बंद हे धरूनच चाला. बाकी तुमच्याकडचे नियम वेगळे असू शकतात, चौकशी करून घ्या.

कार्यक्रमाबद्दल माझं मत, पटलं तर घ्या: डीजे नकोच. जन्म, ज्ञानप्राप्ती, महापरिनिर्वाण तिन्ही याच पौर्णिमेला मानतात, नुसता वाढदिवस करून टाकू नका. सकाळी पांढऱ्या कपड्यांत वंदना, जमेल त्यांनी अष्टशील (त्या दिवसापुरते आठ शीलांचे नियम पाळणं). त्यात दुपारी बारानंतर जेवण नाही, साबुदाणा खिचडीही नाही (आमच्या एका काकूंनी खरंच विचारलं होतं). शुगरच्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारूनच. ज्ञानप्राप्तीआधी बुद्धांना खीर देणाऱ्या सुजाताची आठवण म्हणून खीरदान करतो ते अकराच्या आत उरका, अष्टशीलवाल्यांनाही मिळते आणि दूधही टिकतं.

भाषण एकच ठेवा, आणि त्यात २४ मे १९५६ सांगायला लावा, मुंबईच्या नरे पार्कात बुद्ध जयंतीच्या सभेतच बाबासाहेबांनी ऑक्टोबरमध्ये धम्म स्वीकारणार असं जाहीर केलं होतं. आमच्याकडे वक्ते सत्कारातच अर्धा तास घालवतात, पोरं कधीच पळालेली असतात.

आणि हो, पंचशील ध्वजाचा (आपला रंगीत पट्ट्यांचा बौद्ध झेंडा) निळा पट्टा काठीकडे येतो. दरवर्षी कुणीतरी उलटा लावतंच.