तपासलेलं एक पान मागून बघ

"आक्का, नमस्कार. मुलगी १० वर्षांची आहे, सेमी-इंग्रजीला पाचवीत. करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेलं पुस्तक घरी पोचेपर्यंत रिक्षातच निम्मं संपवते. गणितात आठवीच्या शिष्यवृत्तीची उदाहरणं सोडवते. पण निबंध म्हटला की चार ओळी लिहून 'झालं' म्हणते. वर्गाच्या बाई म्हणतात, एवढी हुशार पोरगी, पण लिहायचा आळस. नणंद न्यू जर्सीला असते. ती म्हणते, तिकडं हुशार मुलांसाठी लेखनाचे वेगळे ऑनलाइन कोर्स असतात, थेट आठवीच्या पातळीला घाला. इथल्या एका कंपनीचा माणूस घरी येऊन दोन वर्षांचं पॅकेज गळ्यात मारतोय. आज भरले तर सूट, नाहीतर हप्ते. मिस्टरांचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे. ते म्हणतात, लिहायला शिकून काय करणार, रोबोटिक्स लावू. तशी ती गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर काहीतरी लिहीत बसते, मी जवळ गेले की वही मिटते. कुठला कोर्स घेऊ?
— राजारामपुरी, कोल्हापूरची एक आई"

अगं, पत्रातली सगळ्यात मोठी बातमी तू शेवटी जाता जाता सांगितलीस. पोरगी लिहिते! म्हणजे आळस नाही. शाळेसाठी लिहीत नाही, एवढंच.

आणि का लिहावं तिनं? मी ३१ वर्षं मराठी शिकवलं. 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत' किती वेळा तपासलं असेल देव जाणे. दरवर्षी तेच पुस्तक, त्याच कपाटात, तीच धूळ खात रडायचं. ज्या मुलीला विचारणाऱ्याला काय हवंय ते पहिल्या मिनिटाला कळतं, ती चार ओळींत ते देऊन मोकळी होते. तिच्या हिशोबानं उदाहरण सुटलं.

दुसरं कारण हाताचं. अशा मुलांचं डोकं पन्हाळ्यावर पोचलेलं असतं आणि हात अजून वाटेतल्या शिवाजी पुलावर. वाचन आठवीचं असलं तरी पेन धरणारी बोटं १० वर्षांचीच आहेत. मनात अख्खी गोष्ट तयार, कागदावर मात्र तिसऱ्या वाक्याला हात दुखतो. म्हणून नणंदेचं 'थेट आठवी' मला पटत नाही. वाचनाची पातळी आणि लेखनाची पातळी ही दोन वेगळी मापं आहेत. विषय तिला मोठाच द्यावा, तिच्या डोक्याला पुरेल असा. लिहायचं मात्र तिच्या वयाइतकं, एखादा परिच्छेद. शिवाय आठवीच्या मुलांना वाचायला दिलेलं साहित्य १४ वर्षांच्या मनासाठी निवडलेलं असतं. प्रेम, मृत्यू, हिंसा असं त्यात काय काय असेल. कोर्स कुठलाही असो, वाचनाची यादी आधी मागून घे आणि स्वतः चाळ.

नणंद बहुतेक जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या 'सेंटर फॉर टॅलेंटेड यूथ'बद्दल बोलत असेल. १९७९ पासून ते चालू आहे, नाव मोठं आहे, आणि पात्रतेसाठी मुलांची त्यांच्या इयत्तेच्या वरची परीक्षा घेण्याची पद्धत तिथूनच गाजली. वाईट नाही. पण घड्याळ बघ. तिकडची संध्याकाळी सहाची तासिका म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात पहाटे साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार. पाचवीतल्या पोरीला त्या वेळी उठवून कॅमेऱ्यासमोर बसवलंस तर लेखनाचं सोड, तुमचं दोघींचं नातं बिघडेल. तिकडचाच घ्यायचा तर शनिवारी सकाळी नऊला तास असलेला घे, तो इथं संध्याकाळी साडेसहा-साडेसातला पडतो. नाहीतर ज्यात तासच नसतो तो घे: काम पाठवायचं, शिक्षक वाचून लेखी उत्तर देतात. लाजऱ्या, वही मिटणाऱ्या मुलीला हा प्रकार जास्त मानवेल असं मला वाटतं. तिला लिहून बोलता येतं, चौकटीतल्या २० चेहऱ्यांसमोर येणार नाही.

आता त्या पॅकेजवाल्याचं. मिस्टरांना विचार, उद्यमनगरात नमुना पीस हातात न घेता कुणी ऑर्डर देतं का? तसं त्या माणसाला म्हण, "तुमच्या शिक्षकानं तपासलेलं एखाद्या मुलाचं एक पान दाखवा. नाव झाका, पान दाखवा." व्हिडिओ नको, प्रमाणपत्राचा फोटो नको, पालकांची शिफारस नको. लेखनाच्या कोर्समध्ये विकत घेण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे तुमच्या मुलाचं पान नीट वाचणारा माणूस. धडे फुकटातही मिळतात.

ते पान कसं वाचायचं ते सांगते. 'व्हेरी गुड, कीप इट अप' आणि वर चांदणी असेल तर उठून चहा टाक आणि त्या माणसाला वाटेला लाव. शुद्धलेखनाच्या चुकांभोवती नुसते लाल गोल असतील तरी तेच. ही दुसरी चूक मी स्वतः केलीय. माझ्या वर्गात एक मुलगा होता, काय लिहायचा! मी त्याचे सगळे ऱ्हस्व-दीर्घ इमानेइतबारे लाल केले. पुढच्या निबंधात त्यानं ज्यांचं ऱ्हस्व-दीर्घ पक्कं येतं तेवढेच शब्द वापरले. एकही चूक नव्हती आणि वाचण्यासारखं काही नव्हतं. मी त्याला दहापैकी नऊ दिले, ते अजून डोक्यातून जात नाहीत.

चांगलं तपासलेलं पान म्हणजे असं: "आजी रागावली असं तू सांगतेस. मला ती रागावलेली दिसली नाही. तिनं काय केलं? भांडं आपटलं, की गप्प बसली?" यावर मूल परत पानाकडं जातं. शेरा दोन सेकंदांत स्क्रीनवर येत असेल तर तो यंत्राचा आहे असं समज. हुशार मूल यंत्राला काय आवडतं हे आठवड्यात ओळखतं आणि तेवढंच पुरवायला लागतं. तुझी लेक तर शाळेत तेच करतेय.

त्या माणसाला आणखी एक विचार: पहिला खर्डा परत लिहायला लावता का? ही मुलं बाकी सगळ्यात पहिल्या फटक्यात बरोबर येतात, म्हणून 'पुन्हा लिही' म्हटलं की त्यांना नापास झाल्यासारखं वाटतं. चार ओळींनंतरच्या त्या 'झालं'मागं थोडी ही भीतीही असेल, कारण कमी लिहिलं की चुकायला जागा कमी. ज्या कोर्समध्ये प्रत्येक जण प्रत्येक तुकडा दोनदा लिहितो, तिथं दुसऱ्यांदा लिहिण्याची लाज राहत नाही. माझ्या मते कोर्स निवडायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

दोन वर्षांचं काही घेऊ नकोस. सहा-आठ आठवड्यांचा घे, तुकडीत दहाच्या आत मुलं असलेला. आणि 'सोपे हप्ते' म्हणजे बहुतेक वेळा फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. पोरीनं तिसऱ्या महिन्यात कोर्स सोडला तरी हप्ता सुटत नाही. 'आजच भरा' म्हणणाऱ्याला उद्या यायला सांग.

भाषेचं तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे इंग्रजी गृहीत धरलंयस. इंग्रजी शिकू दे, पण गणिताच्या वहीमागं ती कुठल्या भाषेत लिहिते? अंदाज सांगू? मराठीत, आणि तेही घरात बोलता तसल्या. तर घरी मराठी चालू ठेव. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, अगदी १९७१ पासूनचे. आणि एक सोपा उपाय कर: ती सांगेल तसं तू लिहून घे. तिचा हात थकतो, तुझा वापर. मधे एक शब्दही सुधारायचा नाही. मास्तरणीची जात असल्यानं मला ते आजही जमत नाही, तुला जमेल.

मिस्टरांशी भांडू नकोस. रोबोटिक्सही लावा, बिघडत नाही. फक्त त्यांना सांग, तिला वर्कशॉपवर घेऊन जा आणि लेथ कशी चालते ते तिच्याकडून लिहून घ्या, असं की वाचून तिच्या आजीला मशीन चालू करता यावं. पहिल्या कागदावर आजी बटणापर्यंतसुद्धा पोचणार नाही. मग तीच म्हणेल, थांबा, परत लिहिते.

ती वही मात्र उघडू नकोस. ती झोपल्यावरही नाही, 'नुसतं बघते' म्हणूनही नाही. मागची पानं संपत आली असतील, तर महाद्वार रोडवरून एक कोरी २०० पानी आण, वर विषय-इयत्ता काही न घालता तिच्या टेबलावर ठेव आणि स्वयंपाकाला लाग.

पॅकेजवाल्यानं ते पान दिलंच, तर फोटो काढून मला पाठव. माझं लाल पेन अजून चालतं.

— आक्का