मागचे शॉक: प्रीलोड पिळण्याआधी स्प्रिंग मोजा

तुमची तक्रार वाचली आणि माझं जुनं दुखणं वर आलं. एकटे असलात की मोटरसायकल झकास. वहिनी मागे बसल्या आणि पेट्या भरल्या की प्रत्येक खड्ड्यात खाडकन आपटते. विक्रेत्याने प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, शेवटपर्यंत पिळून दिला, तर आता लांब वळणात मागचा भाग डुलतो आणि एकट्याने चालवताना गाडी दगडासारखी लागते. त्यावर तुमचा प्रश्न, हवा भरून दाब बदलता येणारे एअर शॉक घ्यावेत की नायट्रोजन गॅसचे? माझ्या मते त्याआधी स्प्रिंगचा निकाल लावायला हवा. टायरचा दाब, स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग आणि शॉकचे बुश तुम्ही बघितले असतीलच, त्यात वेळ घालवत नाही.

प्रीलोड पिळला की स्प्रिंग कडक होते, हा समज काउंटरवर बसलेली माणसंच पसरवतात. प्रीलोडने गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो, एवढंच. एक मिलिमीटर दाबायला लागणारा जोर तोच राहतो. साधा हिशेब करा. धरून चला की मागच्या चाकाची चाल 76 मिमी आहे, दोन शॉक जवळजवळ उभे आहेत आणि प्रत्येकाची स्प्रिंग 20 न्यूटन प्रति मिमी आहे. दोन्ही मिळून 40. मागे बसणारं माणूस आणि सामान मिळून मागच्या चाकावर 100 किलो आले, म्हणजे साधारण 1000 न्यूटन. गाडी आणखी 25 मिमी खाली बसली. तुम्ही एकटे बसल्यावर 25 मिमी आधीच गेलेले असतात. म्हणजे खड्डा यायच्या आत 76 पैकी 50 संपले! हे प्रीलोडने भरून काढायचं तर दोन्ही बाजूंना आणखी 25 मिमी पिळावं लागेल आणि प्रीलोड पिळायच्या बहुतेक ॲडजस्टरमध्ये तेवढी जागाच नसते. तेच 28 ची स्प्रिंग असेल तर तेवढ्याच वजनाला गाडी 18 मिमी बसते, आणि उरलेलं काम प्रीलोड आरामात करतो. एकट्याने चालवताना थोडी ताठ लागेल, हे मान्य. भारी गाडीवर दोघं आणि सामान घेऊन फिरायचं तर तेवढी तडजोड करावीच लागते.

आता माझी कटकट. ज्यांच्याकडून मी शॉक मागवले, त्यांचं नाव घेत नाही. त्यांच्या अर्जात फक्त चालकाच्या वजनाचा रकाना होता. खाली शेऱ्यात मी मागच्या माणसाचं आणि सामानाचं वजन स्पष्ट लिहिलं होतं, ते कोणी वाचलंच नाही. शॉक आले, गाडी आपटायला लागली. त्यांच्या तांत्रिक विभागाचं उत्तर, ‘आणखी दोन फेरे द्या.’ दिले. ‘आणखी दोन.’ ॲडजस्टर टोकाला टेकल्यावर म्हणाले, स्प्रिंग प्रोग्रेसिव्ह आहे, म्हणजे दबेल तशी कडक होणारी, ती सगळं सांभाळते. स्प्रिंगचा आकडा लेखी मागितला तर म्हणे ती अंतर्गत माहिती. पैसे मी मोजलेत, स्प्रिंग माझ्या गाडीवर आहे आणि माहिती अंतर्गत! बदलून मागितली तर एकदा बसवलेली स्प्रिंग परत घेत नाही. दरम्यान मागचा टायर वाट्या पडल्यासारखा झिजला आणि एका शॉकच्या सीलमधून तेल आलं. वॉरंटीने शेरा मारला, ‘ओव्हरलोड.’ गाडीच्या पाटीवरच्या एकूण वजनापेक्षा मी खाली होतो, हे वजनकाट्याच्या पावतीसकट दाखवूनही फरक पडला नाही. शेवटी दुसऱ्या एका वर्कशॉपने त्याच शॉकचं सील बदललं, जास्त कडक स्प्रिंग टाकली आणि विषय संपला. म्हणजे शॉक वाईट नव्हतेच.

म्हणून आधी सॅग मोजा, म्हणजे वजनाने गाडीचा मागचा भाग किती खाली बसतो ते. दोघांनी मिळून, किंवा फ्रेमखाली जॅक लावून, मागचं चाक जमिनीपासून जेमतेम सुटेल इतकं उचला आणि ॲक्सलपासून (चाकाच्या आसापासून) सरळ वरच्या एका पक्क्या खुणेपर्यंत अंतर घ्या. मग गाडी स्वतःच्या वजनावर, मग तुम्ही बसून, मग पूर्ण लवाजम्यासह. प्रत्येक वेळी एकदा दाबून हळू सोडा आणि मोजा, एकदा उचलून हळू सोडा आणि मोजा, दोन्हींची सरासरी घ्या. घर्षणामुळे हे दोन आकडे कधीच जुळत नाहीत. बसल्यावरचा सॅग चालीच्या पाव ते एक तृतीयांश असावा. खरी मेख रिकाम्या गाडीत आहे. वजनासह सॅग बरोबर आणलात आणि त्याच सेटिंगवर रिकामी गाडी अजिबात बसत नसेल, तर स्प्रिंग मऊ आहे. उलट रिकामीच खूप बसत असेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे.

डुलण्याचं कारणही यातच आहे. वजन वाढलं, स्प्रिंग जास्त ताकदीने परत उसळते, आणि रिबाउंड, म्हणजे परत उसळणाऱ्या स्प्रिंगला शॉकमधलं तेल करतं तो अडथळा, तेवढाच. रिबाउंडला नॉब असेल तर एकेक क्लिक वाढवून बघा. अति केलंत तर लागोपाठच्या खड्ड्यांत शॉक वर यायच्या आत पुन्हा दबतो आणि गाडी खाली खाली बसत जाते.

एअर की गॅस? एअर शॉक मला फारसे आवडत नाहीत, पण ज्यांचं वजन रोज बदलतं त्यांना ते सोयीचे पडतात. त्यात हवेची जागा इतकी लहान असते की पंपावरच्या कॉम्प्रेसरने क्षणात दाब मर्यादेपार जातो आणि सील फाटतं. छोटा हातपंपच वापरा. साध्या गेजने मोजतानाही थोडी हवा निघून जाते, हे ध्यानात ठेवा. हार्ले-डेव्हिडसनने 2017 च्या टूरिंग गाड्यांवर एअर शॉकऐवजी नॉबने प्रीलोड बदलणारे शॉक दिले, त्यामागे कारण असणारच. माझी निवड विचाराल तर नायट्रोजन भरलेला मोनोट्यूब (तेल आणि गॅस एकाच नळीत असलेला), उघडून दुरुस्त होणारा, आणि पेटी न काढता फिरवता येईल असा हायड्रॉलिक प्रीलोड नॉब. कंप्रेशनचे (दबतानाच्या अडथळ्याचे) दोन-दोन नॉब ज्यांना फिरवायचे नाहीत त्यांनी ते पैसे योग्य स्प्रिंगवर घालावेत. लांबी मूळ शॉकएवढीच ठेवा. पाय टेकावेत म्हणून आखूड शॉक घेतलात तर चाल कमी होते आणि वळणात फूटबोर्ड घासतात.

देखभाल फार नाही. शॉकच्या रॉडवर चिकटलेले किडे आणि चिखल ओल्या फडक्याने पुसा. वाळलेला चिखल सीलच्या ओठाला कापतो. प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर धरू नका. रॉडला खड्डे पडले असतील तर नुसतं सील बदलून उपयोग नाही, तेल पुन्हा येणारच. रॉडवर तेलाचा अगदी पातळ थर चालतो, ओघळ चालत नाही. तो ब्रेक डिस्कवर किंवा टायरवर गेला तर गाडी घसरेल, तशा गाडीवर फिरू नका. शॉक पूर्ण दबल्यावर धक्का झेलणाऱ्या बंप स्टॉपचा फोम जुना झाला की भुगा होतो, तोही बघा. तेल बदलायची मुदत शॉक बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत असते, ती पाळा. नायट्रोजनच्या व्हॉल्व्हला घरी हात लावू नका, आत बऱ्याच बारचा दाब असतो.

ओघात आलं म्हणून सांगतो, जड सामान पेट्यांमध्ये खाली आणि पुढच्या बाजूला भरा. टॉप बॉक्स ॲक्सलच्या मागे लटकतो, त्यातलं वजन पुढचं चाक हलकं करतं. प्रीलोड बदलला की हेडलाइटचा कोन बदलतो, तोही जुळवा. आणि कितीही भारी शॉक लावला तरी पाटीवरची वजनमर्यादा वाढत नाही.

मी मेकॅनिक नाही, बोल्टचा टॉर्क आणि बाकीचे आकडे तुमच्या मॅन्युअलमधूनच घ्या. नवीन काही मागवण्याआधी तिन्ही सॅग आणि आताच्या स्प्रिंगवर छापलेला आकडा इथे टाका, म्हणजे स्प्रिंग किती कडक हवी याचा अंदाज सांगता येईल. आणि ऑर्डर देताना मागच्या माणसाचं व सामानाचं वजन विक्रेत्याच्या उत्तरात लेखी आल्याशिवाय पैसे भरू नका.